आखाजीला स्टड पोकर

मला पत्त्यांचा वास येतो. हसू नका, खरंच येतो. रविवारी सकाळी नवऱ्याच्या शर्टाला सिगारेटचा वास असतो, चकण्याचा असतो, कुणाच्या तरी महागड्या अत्तराचा असतो, आणि या सगळ्याच्या खाली त्या गुळगुळीत प्लास्टिकच्या पत्त्यांचा एक चिकट वास असतो. तो शर्ट मी चिमटीत धरून मशीनमध्ये टाकते आणि हात साबणाने धुते. शी! लग्नाच्या नवऱ्याचा शर्ट, आणि शिसारी येते मेली.

मी हर्षाली. पाथर्डी फाट्याला आमचा फ्लॅट आहे आणि थोडं पुढे एका गाळ्यात माझं डब्यांचं काम चालतं. गाळा माझ्या नावावर आहे. अंबडच्या कंपन्यांमधली एकटी राहणारी पोरं माझ्या पोळ्या खातात. मदतीला कुसाबाई आहे, तिच्या हाताला माझ्यापेक्षा बरी चव आहे. नवरा अमोल अंबडलाच एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. पगार वेळेवर, दारू बेताची, भांडण तर नाहीच. नातेवाइकांत त्याला निर्व्यसनी म्हणतात. पत्ते व्यसनात धरत नसावेत.

आधी ते मोबाइलवर चालायचं. सरकारने ती पैशांची ॲप बंद केली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. कसलं काय! लगेच गंगापूर धरणाकडच्या एका फार्महाऊसवर यांचं टेबल लागलं. एक द्राक्षं परदेशी पाठवणारा, एक दातांचा डॉक्टर, एक बिल्डर आणि आमचे हे. वर हिरवं कापड, तोंडात इंग्रजी.

"जुगार म्हणू नकोस गं," अमोल म्हणायचा. "स्टड पोकर आहे. स्किल लागतं त्याला."

"डोंबल तुझं स्किल," मी म्हणायचे. जुगाराला टाय बांधला म्हणून तो काय साहेब होतो?

मार्चअखेरीला त्याने जेवताना सांगितलं की तो नोकरी सोडतोय. गोव्याला जाणार, तिथल्या कॅसिनोत पूर्ण वेळ हेच करणार. राजीनाम्याची मेल लिहून ठेवली होती, फक्त पाठवायची बाकी होती. भात कालवता कालवता सांगितलं, जणू दुधवाला बदलतोय. डब्यांवर घर चालत नाही हो. फ्लॅटचा हप्ता त्याच्या पगारातून जातो. मी ओरडले, रडले, जेवण टाकून उठले. तो शांत. तो नेहमीच शांत असतो. शेवटी मी आप्पांना फोन लावला.

आप्पा म्हणजे माझे वडील, कोंडाजी. कळवणच्या अलीकडे आमचं गाव. आमच्या बाजूला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळी पितरांची घागर भरायची, आमरस-पुरणपोळी खायची आणि दुपारी गड्यांनी पत्त्यांना बसायचं. त्या दिवशी कुणी कुणाला बोलत नाही. वर्षभर जो माणूस पत्त्यांच्या कॅटला शिवत नाही तोही आखाजीला तीन पत्ती खेळतो आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने शेतात जातो. आमचे आप्पा त्या दिवसाचे राजे. समोरच्याच्या गळ्याची हालचाल बघून त्याची पानं सांगायचे. आणि एक गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक आहे, आखाजीच्या पटावर दिलेला शब्द मोडत नाहीत.

आप्पा पिशवी घेऊन आले. चहा प्यायले, जावयाचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जावईबापू, तुम्ही म्हनता ह्यो डोक्याचा खेळ हाय. मंग बसा माझ्यासंगं. खेळ तुमचा, कायदे तुमचे. आखाजीच्या दिवशी. मी जितलो तर पत्ते सोडायचे अन् नोकरी धरून ऱ्हायाचं."

"आणि मी जिंकलो तर, मामा?"

"तर मी ह्या गोष्टीवर परत तोंड उघडनार नाय. कधीच नाय."

"हर्षालीनं पण नाही," अमोल म्हणाला.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणाले. कारण माझे आप्पा हरतील, हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं. अमोलने मेल तोपर्यंत पाठवायची नाही असंही ठरलं. झालं. पैसे लावायचे नाहीत, ही माझी अट. मी डब्यातले चिंचोके काढले आणि दोघांना सारखे वाटून दिले. ज्याचे संपतील तो हरला.

मग शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी डबे पोचवून मी घरी आले की जेवायच्या टेबलावर दोघे बसलेले. आणि पानं वाटायला मी. मला किळस होती, पण वाटणारं तिसरं कुणी पाहिजे, आणि वाटणाऱ्याला खेळ कळायला पाहिजे. म्हणून मीही शिकले.

स्टड म्हणजे असं. आधी दोघांनी बूट टाकायचा, म्हणजे सुरुवातीचे ठरलेले चिंचोके, त्याला हे लोक अँटी म्हणतात. मग प्रत्येकाला एक पान झाकून, एक उघडं. झाकलेलं आपलं आपण बघायचं. एक चाल. मग आणखी एक उघडं, पुन्हा चाल. असं करत चार उघडी आणि एक झाकलेलं, मिळून पाच पानं. दर वेळी ज्याची उघडी पानं मोठी दिसतात त्याने आधी बोलायचं. एक तर चेक, म्हणजे टेबलावर बोट आपटून गप्प बसायचं. नाही तर बेट, म्हणजे चिंचोके लावायचे. समोरच्याने तेवढेच टाकले तर कॉल, वाढवले तर रेझ, पानं टाकून दिली तर फोल्ड.

"चाल, डबल चाल अन् पॅक," आप्पा म्हणाले. "नावं तेवढी बदलली. पानं न बघता खेळायचं ते ब्लाइंड कुठंय?"

"ब्लाइंड नाही यात, मामा."

"अन् शो कवा मागायचा?"

"मागायचा नाही. शेवटची चाल झाली की दोघांनी झाकलेलं पान उलटायचं."

आप्पांना ते काही पटेना. "चार पानं जगासमोर उघडी टाकायची अन् एक लपवायचं. ह्यो कसला जुगार? निम्मं लुगडं नेसून बाजाराला जायचं."

अमोल मनापासून हसला. आणि खरं सांगते, तो चांगला शिकवत होता. उघडी पडलेली पानं लक्षात ठेवा, मामा. फोल्ड केल्यावर ती झाकली जातात, परत बघायला मिळत नाहीत. समोर जोडी उघडी दिसली की सांभाळून. शेवटच्या पानाच्या आशेवर चिंचोके उधळू नका. आप्पा चुकले की तो थांबायचा, मागचा डाव पुन्हा लावून दाखवायचा. बोलायची पाळी कुणाची, कमीत कमी किती लावता येतं, सगळं. न कंटाळता. माझ्या बापाशी असं बसून बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसांत मला तो पुन्हा आवडायला लागला होता, आणि आता तेच मला सहन होत नाही.

एकदा आप्पा म्हणाले, "बाकी मंग पानं तर आपल्याला ठावीच हाईत. शिक्वेन्स, कलर, जोडी."

"तुम्हाला काय पानं शिकवायची, मामा!" अमोल म्हणाला आणि त्याने पिसायला कॅट हातात घेतला.

मी तेव्हा पोळ्यांची कणीक झाकत होते. मला त्यात काही वाटलं नाही. मलाही आमच्या ओट्यावरची तीन पत्तीच माहीत. लहानपणी खिडकीतून बघून बघून पाठ झालेली. तीन सारखी पानं सगळ्यात वर, मग ओळीने लागलेली पानं म्हणजे सिक्वेन्स, मग सगळी एकाच जातीची म्हणजे कलर, मग जोडी. आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा हे झोपेत सांगेल.

आखाजी आली. मी पहाटे घागर भरली, रस काढला, पुरण वाटलं. जेवण डाव झाल्यावर, असं आप्पांनीच सांगितलं होतं, भरल्या पोटी डोकं चालत नाही म्हणून. दुपारी पडदे ओढले, पंखा लावला आणि दोघे समोरासमोर बसले. अमोलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरात, पंख्याखाली, सासऱ्यासमोर चिंचोक्यांनी खेळायला इस्त्रीचा शर्ट! आणि गॉगल कपाळावर. मला ओकारी यायची बाकी होती.

पहिला तास आप्पांचा. काय खेळले म्हातारे! पानाकडे बघतच नव्हते, अमोलच्या गळ्याकडे बघत होते. त्याने मोठं बेट लावलं की हे टोपी मागे सरकवून म्हणायचे, "नाय, तुमच्या झाकलेल्यात कायबी नाय," आणि खरंच काही नसायचं. अमोलचा ढीग निम्मा झाला. मी मनात पेढे वाटून मोकळी झाले होते.

मग अमोल बदलला. गॉगल डोळ्यांवर घेतला, बोलायचं बंद केलं. पानं चांगली नसली की लगेच फोल्ड. पुन्हा फोल्ड. पुन्हा फोल्ड. आप्पांना चेव येईना की मजा येईना. "अवो, खेळा की!" ते म्हणायचे. तो नुसता बोट आपटायचा. हळूहळू त्याचे चिंचोके परत आले, आप्पांपेक्षा थोडे वरच झाले. त्या काळ्या काचांमागे डोळे कुठे बघतायत कळत नव्हतं. सरडा भिंतीवर बसतो तसा बसला होता.

आणि मग तो डाव आला. मीच वाटला.

आप्पांना झाकलेलं एक, वर किलवरचा गुलाम. अमोलला झाकलेलं एक, वर बदामाची सत्ती. आप्पांनी थोडे लावले, अमोलने कॉल केला. मग आप्पांना चौकटची दश्शी, अमोलला बदामाची तिर्री. आप्पांनी पुन्हा लावले, त्याने पुन्हा कॉल केला. मग आप्पांना इस्पिकची अठ्ठी आणि अमोलला बदामाचा राजा. आता बोलायची पाळी अमोलची. त्याने बोट आपटलं. आप्पांनीही आपटलं.

मी शेवटचं पान वाटलं. आप्पांना इस्पिकची राणी. अमोलला बदामाची पंजी.

आप्पांच्या समोर अठ्ठी, दश्शी, गुलाम, राणी. मधली नव्वी तेवढी पाहिजे. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं की ती आहे. लहानपणापासून ओळखते मी ते तोंड. चांगलं पान आलं की ते डाव्या कानाची पाळी चोळतात.

अमोलसमोर चार बदाम. राजा मोठा, म्हणून बोलायचं त्याने. त्याने दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढे सरकवला. "ऑल इन."

आप्पा हसले. मोकळं, तोंडभर हसले. त्यांना जावयाची दया आली असावी. "जावईबापू," ते म्हणाले, "कलर लागलाय तुमचा, दिसतंय मला. पाचवं पानबी बदामच हाय. पर कलरच हाय ना? बघा, अजून इचार करा. मी बापासारखा हाय तुम्हाला, म्हनून सांगतो."

ऐका. नीट ऐका. माझा बाप समोरच्याला सावध करत होता. पटावर बसून, सगळं पणाला लागलेलं असताना. आणि अमोल काय म्हणाला?

काहीच म्हणाला नाही. काचांमागून बघत राहिला.

"मंग हे घ्या," आप्पांनी आपले सगळे चिंचोके पुढे लोटले आणि नव्वी उलटली. "शिक्वेन्स! झालं का? सोडा आता ते पत्ते. हर्षे, माय, रस आन."

मी खरंच उठले. खुर्ची मागे सारली, डोळ्यांत पाणी आलेलं, स्वयंपाकघराकडे वळले सुद्धा.

"मामा," मागून अमोलचा आवाज आला, अगदी हळू, "पोकरमध्ये कलर मोठा असतो."

त्याने झाकलेलं पान उलटलं. बदामाची नव्वी. आणि दुसऱ्या हाताने मोबाइल टेबलावर ठेवला. त्यात पानांचा तक्ता होता. कुठलं वर, कुठलं खाली. पाच पानांत कलर सिक्वेन्सच्या वरती. त्याने तो शोधला नाही हो. तो उघडाच होता. तो काढूनच बसला होता.

आप्पांनी चष्मा लावून तक्ता बघितला. एकदा बघितला, परत बघितला. मग मोबाइल हळूच त्याच्याकडे सरकवला.

"तुम्हाला ठावं होतं," ते म्हणाले. "मी उलटं धरून चाललोय, ह्ये तुम्हाला ठावं होतं."

"मी खोटं बोललो का, मामा? तुम्ही विचारलंत कुठे?"

"आमच्याकडं नवा गडी पटावर बसला तर आधी सगळी पानं उघडी मांडत्यात. ह्ये मोठं, ह्ये बारीक. त्याच्या तोंडानं वदवून घेत्यात. मंग बूट पडतो."

"ती गावाकडची पद्धत झाली," अमोल गॉगल काढत म्हणाला. "इथे समोरच्याची चूक दाखवत नाहीत. तीच तर कमाई असते. स्किल स्किल म्हणतो ते हेच, मामा. मनाला लावून घेऊ नका."

आणि त्याने, त्याच टेबलावर, माझ्या बापासमोर, अंगठ्याने दोनदा टकटक करून राजीनामा पाठवून दिला. मेल गेल्याचा बारीक आवाज आला. मग माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "चल, वाढ आता. भूक लागली."

काय सांगू तुम्हाला. मी चिडायला हवं होतं, पण राग आलाच नाही. नुसती किळस आली. भाताच्या पातेल्यात पाल सापडावी तशी. नोकरी गेली, हप्ता कसा भरायचा, यातलं काही मनात नव्हतं. मनात एकच. इतक्या संध्याकाळी हा माणूस माझ्या बापाच्या समोर बसला, त्याची प्रत्येक छोटी चूक मायेने सुधारत राहिला, आणि मोठी चूक जपून ठेवली. शिकवणी नव्हतीच ती. आणि मग मला आमचं लग्नापासूनचं सगळं आठवायला लागलं. मी कुठे कुठे उलटं धरून चालले होते, आणि हा शांतपणे बघत होता? हा शांत आहे, शांत आहे म्हणून मी लोकांना कौतुकाने सांगायचे. बाई गं.

मी वाढलं. तिघांचं वाढलं. आप्पांनी पितरांचं अन्न म्हणून एक पोळी खाल्ली, रसाची वाटी तशीच ठेवली. अमोलने दोनदा रस घेतला. गोव्यात राहायची सोय कशी छान आहे ते सांगत होता. आम्ही दोघं बाप-लेक गप्प. शब्द दिलेला होता ना.

आप्पांनी पिशवी भरली. मी आतल्या खोलीत जाऊन कुसाबाईला फोन केला आणि सांगितलं, उद्या डबे तू बघ, परवापासून मी येते, आणि गाळ्याच्या वरच्या माळ्यावरचं सामान जरा एका बाजूला करून ठेव. तिने का म्हणून विचारलं नाही. मग मी माझी पिशवी भरली.

अमोल आम्हाला गाडीतून स्टँडवर सोडायला आला. जिंकलेला माणूस उदार असतो. माझ्या मांडीवरची पिशवी त्याला आप्पांची वाटली असावी. वाटेत गाणं गुणगुणत होता. कळवणची एसटी लागलेलीच होती. आप्पा खाली उतरले, माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडात आलं होतं, मला दिसत होतं. ओठ हलले सुद्धा. त्यांनी ते गिळलं आणि डोक्यावर हात ठेवला. पटावरचा शब्द म्हातारा मोडणार नव्हता, पोरीसाठीसुद्धा नाही.

ते एसटीत चढले. त्यांच्या मागे मी चढले.

"अगं, तू कुठे?" अमोल खालून म्हणाला. मग खिडकीशी आला. "हर्षा, हे काय? ठरलं होतं ना आपलं?"

ठरलं होतंच. तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं. निघून जायचं की नाही, ते कुणी विचारलं नव्हतं.

मी तोंड उघडलं नाही. तो काच ठोकत होता. पहिल्यांदाच त्याच्या गळ्याशी काहीतरी वरखाली होताना मी बघितलं. कंडक्टर आला. आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून आधार कार्ड काढून पुढे धरलं.

"आणि ताई, तुमचं?"

"कळवण," मी म्हणाले. "एक."